प्रोग्रॅमरची मायबोली

मुलाला संगणकाकडे वळवायचे ठरले की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड पडते ती मराठीवर. पाचवीत, कधी आठवीत मुलाचे माध्यम बदलले जाते. घरातली मराठी पुस्तके वरच्या फळीवर जातात आणि आजीने गोष्ट सांगायला सुरुवात केली तर ‘त्याला जरा इंग्रजीतून सांगा’ अशी सूचना येते. ‘संगणकाची भाषा शेवटी इंग्रजीच ना हो!’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यात एक मोठा गोंधळ आहे हे सांगायचाही आता कंटाळा येतो. प्रोग्रॅमिंग शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे पालक हा प्रश्न मलाच विचारतात. मला काय वाटते हे सांगण्याऐवजी मी त्यांना एका डच माणसाची हकिकत सांगतो.

या माणसाचे नाव एड्सगर डायक्स्ट्रा. विसाव्या शतकात संगणकशास्त्राचा पाया ज्या मोजक्या लोकांनी घातला, त्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते. १९७५ मध्ये त्यांनी एक छोटे टिपण लिहिले. आपल्या क्षेत्रातली कटू सत्ये सांगायची कशी, असा त्याचा विषय. त्यात एक विधान असे होते, की गणिताकडे असलेला कल सोडला तर चांगल्या प्रोग्रॅमरचे सर्वांत मोठे भांडवल म्हणजे स्वतःच्या मातृभाषेवरची असामान्य पकड. लक्षात घ्या, त्यांनी ‘इंग्रजीवरची पकड’ म्हटलेले नाही, मातृभाषेवरची म्हटले आहे. आणि हे म्हणणारा माणूस भाषेचा प्राध्यापक नव्हता. संगणकशास्त्रातला सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्याआधीच, १९७२ मध्ये, त्याला मिळालेला होता.

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम इथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ आणि शिक्षक, आई गणितज्ञ. आईने कधी गणिताची नोकरी केली नाही, पण मुलावर संस्कार झाला तो तिच्याच गणिताचा. त्रिकोणमिती अवघड असते का, असे मुलाने विचारले तेव्हा तिने सांगितले की सूत्रे नीट समजून घे. आणि एखाद्या उत्तराला पाच ओळींपेक्षा जास्त लागल्या तर आपण चुकीच्या वाटेने चाललो आहोत असे समज. ही पाच ओळींची शिकवण मुलाने जन्मभर सांभाळली. त्याच्या दहाव्या वाढदिवसानंतर तीनच दिवसांनी, १४ मे १९४० रोजी, जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख केला. अशा काळात हा मुलगा शाळेत गणित आणि रसायनशास्त्राबरोबर लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजीही शिकत होता. कायद्याचा अभ्यास करावा आणि संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावे, असे त्याच्या मनात होते. शास्त्र विषयांत गुण फार चांगले पडले, म्हणून लायडनच्या विद्यापीठात भौतिकशास्त्राकडे गेला.

१९५१ मध्ये केंब्रिजला तीन आठवड्यांचा एक अभ्यासक्रम झाला. विषय होता, इलेक्ट्रॉनिक संगणकासाठी आज्ञावली कशी लिहावी. एकवीस वर्षांचे डायक्स्ट्रा तिथे गेले. मार्च १९५२ पासून ते ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून काम करू लागले. त्या देशातले ते पहिले प्रोग्रॅमर समजले जातात. तीन वर्षांनी मात्र त्यांना प्रश्न पडला : हा काही व्यवसाय आहे का? भौतिकशास्त्रज्ञाला विचारले तुझे शास्त्र कुठले, तर त्याला दाखवायला ग्रंथ आहेत, सिद्धांत आहेत. प्रोग्रॅमरकडे काय आहे? त्यांचे वरिष्ठ फान वाइनगार्डन यांनी ऐकून घेतले आणि सांगितले, की संगणक आता जाणार नाहीत. या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांपैकी तूच एक का होऊ नयेस? एका संभाषणाने आयुष्याची दिशा ठरली.

प्रतिष्ठा किती नव्हती, याचा अनुभव दोनच वर्षांनी आला. १९५७ मध्ये लग्नाच्या वेळी व्यवसाय लिहायचा होता. डायक्स्ट्रा यांनी ‘प्रोग्रॅमर’ लिहिले. ॲमस्टरडॅमच्या नोंदणी अधिकाऱ्यांनी ते मान्य केले नाही. असा व्यवसायच अस्तित्वात नाही म्हणाले. शेवटी दाखल्यावर ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ असे लागले. आपल्याकडच्या रविवारच्या वधूवर जाहिरातींत ‘संगणक अभियंता, परदेशी स्थायिक’ या शब्दांना जो भाव आला, तो पाहता ही गोष्ट आज परीकथेसारखी वाटते.

त्याच वाग्दत्त वधूशी त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध शोधाचाही संबंध आहे. १९५६ मधली गोष्ट. ॲमस्टरडॅममध्ये दोघे खरेदीला गेले होते. दमून एका कॉफीगृहाच्या गच्चीवर बसले. नवीन संगणकाचे उद्घाटन व्हायचे होते आणि सामान्य माणसाला कळेल असे एखादे गणित त्यावर सोडवून दाखवायचे होते. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सर्वांत जवळचा रस्ता कोणता? वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय, उत्तराची रीत तयार झाली. प्रात्यक्षिकासाठी ६४ गावांचा नकाशा घेतला. १९५९ मध्ये ती रीत तीन पानांच्या लेखात प्रसिद्ध झाली आणि आज जगभर रस्ते शोधणाऱ्या आज्ञावल्यांच्या मुळाशी ती आणि तिची वंशावळ आहे. आपण मोबाइलवर ‘दादरहून ठाण्याला कसे जाऊ’ विचारतो तेव्हा त्यामागे हीच मूळ कल्पना असते. कागद नव्हता म्हणून गुंतागुंत टाळणे भागच पडले, असे डायक्स्ट्रा पुढे म्हणत.

आता भाषांकडे वळू. संगणकाला आज्ञा द्यायच्या तर मधे एक कृत्रिम भाषा लागते. अशा शेकडो भाषा झाल्या आणि त्यांच्याविषयी डायक्स्ट्रा यांच्या आवडीनिवडी इतक्या तिखट होत्या की आपल्याकडच्या खवय्यांनी मिसळीवरून घातलेले वाद त्यापुढे सौम्य वाटावेत. त्यांची आवडती भाषा अल्गोल ६०. युरोप आणि अमेरिकेतल्या तेरा जणांच्या समितीने ती घडवली. डायक्स्ट्रा आणि त्यांचे सहकारी झोनेफेल्ड यांनी ही भाषा संगणकाला समजावून देणारा कंपायलर ऑगस्ट १९६० मध्ये सर्वांच्या आधी तयार केला. काम संपेपर्यंत दाढी करायची नाही असा दोघांचा पण होता. काम संपल्यावर झोनेफेल्ड यांनी लवकरच दाढी उतरवली. डायक्स्ट्रा यांनी ती मरेपर्यंत ठेवली. त्याच वर्षी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा आपल्या देशात बांधलेला संगणक चालू झाला होता, हेही जाता जाता सांगायला हवे.

अल्गोलचे आपल्याशी आणखी एक नाते आहे. या भाषेचे व्याकरण ज्या नेमक्या सूत्रपद्धतीने लिहिले होते, तिला बॅकस आणि नाउर या दोघांचे नाव मिळाले. १९६७ मध्ये इंगरमन नावाच्या अभ्यासकाने अमेरिकन संगणक संघटनेच्या मासिकात पत्र लिहून सुचवले, की अशीच पद्धत पाणिनीने फार पूर्वी वापरली होती, तेव्हा नावात पाणिनीलाही स्थान द्यावे. या पत्रावरून ‘संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा’ असल्या ज्या आरोळ्या पुढे उठल्या, त्यांच्याशी मला कर्तव्य नाही. मुद्दा एवढाच, की बोलण्याचे नियम अल्पाक्षरात आणि संदिग्धता न ठेवता बांधायचे, हे काम संगणकाच्या कितीतरी आधीपासून माणसे करत आली आहेत.

नावडत्या भाषांची यादी मोठी होती. फोरट्रान त्यांना बालपणीच्या आजारासारखी वाटे, कोबोल शिकल्याने बुद्धी अधू होते असे ते म्हणत, आणि बेसिक शिकलेल्या विद्यार्थ्याला तर चांगले प्रोग्रॅमिंग शिकवणे जवळजवळ अशक्य आहे, असा त्यांचा निर्वाळा होता. इथे मला हरकत घ्यावीच लागेल. भारत सरकारने १९८४ मध्ये शाळांमधून संगणक शिक्षणाची योजना सुरू केली, तेव्हा ज्या बीबीसी संगणकांवर मुलांनी पहिल्यांदा बोटे ठेवली त्यावर बेसिकच होती. माझ्या पिढीतल्या पुष्कळांची धुळाक्षरे बेसिकमधली. डायक्स्ट्रा यांच्या हिशेबाने आम्ही सगळे वाया गेलेले! प्रत्यक्षात त्यातून उत्तम अभियंते निघाले. डायक्स्ट्रा यांच्या बोलण्यातला हा फटकळपणा त्यांच्या मित्रांनाही बोचे. ॲलन के या तितक्याच मोठ्या संशोधकाने संगणकशास्त्रातला उद्धटपणा मोजायचे परिमाण म्हणून ‘नॅनो-डायक्स्ट्रा’ सुचवले होते, ते उगाच नव्हे.

परंतु फटकळपणा बाजूला ठेवून त्यामागचा विचार पाहिला, तर तो विचार करायला लावणारा आहे. आपण जी हत्यारे वापरतो त्यांचा आपल्या विचार करण्याच्या सवयीवर परिणाम होतो, आणि भाषा हे असे हत्यार आहे, हा त्यांचा मूळ सिद्धांत. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मार्च १९६८ मधले. त्या काळच्या भाषांत ‘गो टू’ नावाची आज्ञा सर्रास वापरली जाई : इथून उठ आणि अमुक ओळीवर जा. डायक्स्ट्रा यांनी पत्र लिहून ही आज्ञा काढून टाकावी असे सुचवले. वर्तमानपत्राच्या वाचकाला हे लगेच कळेल. बातमी पहिल्या पानावर रंगात येते आणि खाली येते, ‘उर्वरित मजकूर पान ७ वर’. एकदा झाले तर ठीक. पण पान ७ वरून ३ वर, ३ वरून ११ वर आणि तिथून पुन्हा १ वर पाठवले, तर आपण वाचत काय होतो हेच विसरून जाऊ. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे नेमके तेच होते. संगणक विसरत नाही, विसरतो तो माणूस. म्हणून प्रोग्रॅम असा लिहावा की माणसाला तो वरून खाली सलग वाचता यावा. या पत्राला संपादक निक्लाउस विर्थ यांनी मूळचे शीर्षक बदलून झणझणीत शीर्षक दिले आणि मोठे वादळ उठले. डोनाल्ड कनुथ यांच्यासारख्यांनी १९७४ मध्ये सविस्तर लिहून काही ठिकाणी ‘गो टू’ उपयोगी असल्याचे दाखवले. पण आज शिकवल्या जाणाऱ्या बहुतेक भाषांत ती आज्ञा एक तर नाही, किंवा असून वापरू नये असे सांगितले जाते. पत्र दीड-दोन पानांचे, परिणाम पन्नास वर्षांचा.

साध्या शब्दांबद्दलही त्यांचे कटाक्ष असत. प्रोग्रॅममधल्या दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणायची पद्धत आहे. डायक्स्ट्रा यांना ती अजिबात पसंत नव्हती. किडा आपले लक्ष नसताना बाहेरून येतो, त्यात आपला काय दोष? म्हणून त्याला सरळ ‘चूक’ म्हणा, म्हणजे ती करणारा कोण हे आपोआप कळेल, असे त्यांनी १९८८ च्या एका लेखात लिहिले. मोजणी शून्यापासून करावी, हा आणखी एक आग्रह. १९८२ मध्ये त्यावर त्यांनी स्वतंत्र टिपण लिहिले. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. तळमजल्यावर राहणारा माणूस एकही जिना न चढता घरी पोहोचतो आणि पहिला मजला त्याच्या डोक्यावर असतो. बाळाचे पहिले वर्ष चालू असते तेव्हा त्याचे वय शून्य वर्षे असते. घरोघर आपण शून्यापासून मोजतोच. फक्त कागदावर ते लिहिताना बिचकतो.

या सगळ्यात त्यांची मायबोली कुठे राहिली? ती राहिली अशा जागी, की जगभरचे विद्यार्थी रोज तिचा उच्चार करतात आणि त्यांना पत्ताही नसतो. साठच्या दशकात डायक्स्ट्रा यांच्यापुढे प्रश्न होता, की एकाच यंत्रावर अनेक कामे एकदम चालू असताना त्यांनी एकमेकांच्या पायात पाय घालू नयेत यासाठी काय करावे. आपल्या जुन्या चाळीची कल्पना करा. मजल्यावर दहा बिऱ्हाडे आणि न्हाणीघर एकच. आत कोणी असेल तर बाहेरच्याने थांबायचे. आतला बाहेर आला की त्याने कडी काढून पुढच्याला वाट द्यायची. कडी नसेल तर अनवस्था प्रसंग, आणि कडी काढायला विसरला तर सगळी चाळ खोळंबणार. डायक्स्ट्रा यांनी या कडीला नाव दिले रेल्वेच्या सिग्नलचे. आधी डच भाषेत ‘सैनपाल’, मग इंग्रजीत ‘सेमाफोर’. आत जायला मागण्याच्या क्रियेला ‘पी’ आणि बाहेर पडण्याच्या क्रियेला ‘व्ही’ अशी अक्षरे त्यांनी वापरली. ‘व्ही’ म्हणजे ‘फरहोखन’, डचमध्ये ‘वाढवणे’. ‘कमी करणे’ला डचमध्ये ‘फरलाखन’ म्हणतात. तोही ‘व्ही’नेच सुरू होतो. मग ‘कमी करायचा प्रयत्न’ अशा अर्थाच्या शब्दांतून त्यांनी ‘प्रोलाख’ असा नवाच शब्द जुळवला. आज पुण्यातल्या, नागपुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुले परीक्षेत ‘पी’ आणि ‘व्ही’ लिहून गुण मिळवतात. इंग्रजीत या अक्षरांना काहीच अर्थ लागत नाही. मराठीएवढेही बोलणारे नसलेल्या एका भाषेची ती दोन अक्षरे आहेत.

या ठिकाणी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. डायक्स्ट्रा यांनी आयुष्यभर इंग्रजीचा द्वेष केला, असे कोणी समजू नये. सुरुवातीची टिपणे पुष्कळशी डचमध्ये असली, तरी बहुतेक लेखन त्यांनी इंग्रजीतच केले आणि ते नमुनेदार इंग्रजी आहे. १९६२ पासून आइंडहोवेनला प्राध्यापक, १९७३ पासून बरोज या अमेरिकन कंपनीचे संशोधक आणि १९८४ पासून १९९९ पर्यंत टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला, असा त्यांचा प्रवास झाला. इंग्रजीवाचून तो झाला नसता. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की ज्याला आपल्या मायबोलीत एक विचार स्वच्छ मांडता येत नाही, त्याला तो कुठल्याच भाषेत, मग ती माणसाची असो की यंत्राची, मांडता येणार नाही.

त्यांची लिहिण्याची रीतही याला धरूनच होती. जगाला प्रोग्रॅमिंग शिकवणारा हा माणूस स्वतः लिहायचा शाईच्या पेनाने. संगणक घरी आला तो उतारवयात, तोही मुख्यतः पत्रव्यवहारासाठी. आपल्या नावाची आद्याक्षरे आणि क्रमांक घालून ते टिपणे लिहीत. ईडब्ल्यूडी एक, दोन, तीन असे करत ती तेराशेच्या वर गेली. सुवाच्य अक्षर, खाडाखोड जवळपास नाही. प्रती काढून मोजक्या मित्रांना टपालाने पाठवायच्या, त्यांनी पुढे आणखी प्रती काढायच्या. अशा रीतीने, छपाईशिवाय, ती जगभर पोहोचली. २००१ मध्ये डच दूरचित्रवाणीने त्यांच्यावर माहितीपट केला. त्यात ते मोत्झार्ट आणि बेथोव्हन यांची तुलना करतात : एक मनात पूर्ण रचना करून मग कागदावर उतरवणारा, दुसरा लिहून, खोडून, वर कागद चिकटवून पुन्हा लिहिणारा. स्वतः डायक्स्ट्रा पहिल्या पंथातले. आधी विचार, मग शब्द, मग कागद.

आता हे सारे आपल्या घराच्या उंबरठ्याशी आणून पाहू. ‘संगणकाची भाषा इंग्रजी’ म्हणतात, तर तिच्यात इंग्रजी असते किती? सी या सुप्रसिद्ध भाषेच्या १९८९ मधल्या प्रमाणित रूपात राखीव शब्द आहेत अवघे ३२. एवढे इंग्रजी शब्द तर आपल्या कोपऱ्यावरचा रिक्षावालाही दिवसभरात वापरतो. अडते ते शब्दांपाशी नाही. अडते ते ‘अमुक असेल तर काय, नसेल तर काय, आणि कधीपर्यंत’ हे नेमके ठरवण्यापाशी. आणि हे ठरवायची आयुधे मराठीत भरपूर आहेत.

‘चहा घेणार की कॉफी?’ आणि ‘चहा किंवा कॉफी घेणार का?’ ही वाक्ये आपण रोज ऐकतो. पहिल्याला ‘हो’ असे उत्तर देणारा पाहुणा विनोदी ठरेल. दुसऱ्याला ‘हो’ चालते. ‘की’ आणि ‘किंवा’ यांतला हा फरक तर्कशास्त्राचा आहे आणि तो मराठी मुलाला चौथ्या वर्षी कळतो. ‘रामूने शामूला आपल्या घरी नेले’ आणि ‘रामूने शामूला त्याच्या घरी नेले’ यांत घर कोणाचे हे आपल्याला कळते. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यांत ऐकणारा मोजणीत धरला आहे की नाही, हे स्पष्ट असते. ही सूक्ष्मता ज्याने लक्षपूर्वक वापरली, त्याला प्रोग्रॅममधल्या अटी लिहिताना परके वाटत नाही.

आणखी एक उदाहरण माझ्या वर्गातले, आणि ते मला फार बोलके वाटते. एखादे काम पुन्हा पुन्हा करायची आज्ञा मुलांना शिकवायची असते. मराठीत आपण म्हणतो, ‘जोपर्यंत शेंगा संपत नाहीत, तोपर्यंत सोलत राहा.’ अट अगदी बिनचूक आहे : ‘संपत नाहीत’ हे खरे आहे तोवर काम चालू. संगणकाची ‘व्हाइल’ ही आज्ञा नेमकी अशीच चालते. आता हेच मूल अर्धवट इंग्रजीतून विचार करू लागले, की ते ‘अन्टिल’ शब्द घेते आणि मराठीतला ‘नाही’ त्याला जोडते. ‘अन्टिल’मध्ये मात्र अट खरी झाली की थांबायचे असते. त्यामुळे अर्थ उलटतो आणि प्रोग्रॅम पहिल्याच शेंगेला थांबतो. मुलाचा तर्क बरोबर होता, भाषांतर चुकले. मुले मुळाक्षरे बदलतात त्या वयात आपण त्यांच्या विचाराचा पायाच हलवतो आहोत का, हा प्रश्न मला अशा वेळी छळतो. मायबोली अर्धी सुटली आणि इंग्रजी अर्धीच आली, अशी मुले वर्गात दरवर्षी भेटतात. ती हुशार असतात, पण ‘तुला काय म्हणायचे आहे ते कुठल्याही भाषेत सांग’ म्हटले तर गप्प होतात.

याचा अर्थ माध्यम कोणते घ्यावे याचा मी फतवा काढतो आहे, असा नाही. इंग्रजी लागते. पुस्तके त्यात आहेत, सूचना त्यात आहेत, नोकरीची मुलाखत त्यातच होते. नाशिकच्या किंवा लातूरच्या मुलाला ‘मराठीच पुरे’ असे सांगणे म्हणजे त्याची फसवणूक आहे. पण एका भाषेची भर घालण्यासाठी दुसरी काढून टाकावी लागते, ही समजूतही तितकीच चुकीची. डायक्स्ट्रा शाळेत पाच परक्या भाषा शिकले आणि डच सोडली नाही.

अखेरपर्यंत त्यांना भाषेच्या निवडीची चिंता होती. २००१ मध्ये, निवृत्तीनंतरही, त्यांनी टेक्सास विद्यापीठाला पत्र लिहिले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाणारी हास्केल ही भाषा काढून तिच्या जागी जावा आणायचे घाटत होते. जावाला बाजारात मागणी होती. डायक्स्ट्रा यांचा मुद्दा असा होता, की पहिल्या भाषेचा ठसा विद्यार्थ्याच्या मनावर खोल उमटतो, म्हणून ती निवडताना बाजार पाहू नये, मन कसे घडेल ते पाहावे. पुढल्याच वर्षी, ६ ऑगस्ट २००२ रोजी, न्यूनेन या गावी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. व्हॅन गॉगने १८८५ मध्ये बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचे आपले प्रसिद्ध चित्र रंगवले, ते याच गावात.

ते पत्र संगणकाच्या भाषेविषयी होते. पण त्यातला मुद्दा घरातल्या पहिल्या भाषेलाही लागू पडतो, असे मला वाटते. म्हणून पालकांनी विचारले तर मी एक साधा उपाय सुचवतो. माध्यम कोणतेही असो, आठवड्यातून एकदा मुलाला घरातल्या भाषेत एखादी कृती लिहायला सांगा. कुकर कसा लावायचा, किंवा आपल्या घरापासून स्टेशनपर्यंत कसे जायचे. मग त्याने लिहिल्याबरहुकूम, आपली अक्कल न वापरता, तसेच करून पाहा. शिटी लावायची राहिली असेल, डावीकडे की उजवीकडे हे लिहायचे राहिले असेल, तर ते तिथेच उघडे पडेल आणि सगळे पोट धरून हसतील. मुलाला पुन्हा लिहू द्या. आणि पाच ओळींपेक्षा जास्त लागल्या, तर कुठे वाट चुकली ते त्याच्याबरोबर बसून शोधा.